वारुळाची अळंबी आणि तिच्यासारखं दिसणारं विषारी भूछत्र: कल्ल्यांच्या रंगावर विसंबू नका

पावसाळ्यात बागेत किंवा हिरवळीवर पांढरीशुभ्र छत्री उगवली की वरून काढलेला एक फोटो येतो आणि सोबत प्रश्न असतो, 'ही वारुळाची अळंबी ना? भाजी करू का?' वरून काढलेल्या फोटोवर याचं उत्तर कुणीही देऊ नये. मी देत नाही.

वारुळाची अळंबी तुम्हाला ठाऊकच आहे. गोव्यात तिला ओळमी म्हणतात. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. वाळवी वारुळात पोळ्यासारखी गादी रचून तिच्यावर ही बुरशी पोसते, आणि पावसात तिची छत्री जमिनीवर येते.

तिच्यासारख्या दिसणाऱ्या विषारी भूछत्राचं नाव मात्र फार थोड्यांना माहीत असतं: क्लोरोफायलम मॉलिब्डाइटीज. मराठीत त्याला रुळलेलं नाव नाही, म्हणून मी त्याला हिरव्या बीजाणूंचं (म्हणजे बुरशीच्या बियांसारख्या बारीक भुकटीचं) भूछत्र म्हणतो. ते हिरवळीवर आणि खतावलेल्या जमिनीवर उगवतं. खाल्लं तर काही तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब सुरू होतात. लहान मुलांच्या अंगातलं पाणी झपाट्यानं कमी होतं, तेव्हा हे हलक्यात घेऊ नका.

आकारावरून काही ठरत नाही. देठावरचं कडंही उपयोगाचं नाही, कारण वारुळाच्या अळंबीच्या काही जातींनाही कडं असतं. हिरव्या बीजाणूंच्या भूछत्राच्या छत्रीवर तपकिरी खवले असतात, पण जोराच्या सरीत ते धुऊन जातात आणि छत्री नुसती पांढरी उरते.

खरी फसगत होते ती छत्रीखालच्या पात्यांवरून, म्हणजे कल्ल्यांवरून. कुणीतरी सांगितलेलं असतं की विषारी भूछत्राचे कल्ले हिरवे असतात. माणूस छत्री उलटी करतो, कल्ले पांढरे दिसतात आणि तो निर्धास्त होतो. पण कोवळेपणी दोन्हींचे कल्ले पांढरेच असतात! हिरवी झाक येते ती बीजाणू पिकल्यावर, आणि आपण तर भाजीसाठी मुद्दाम कोवळ्या छत्र्याच खुडतो. म्हणजे ओळख पटवणारा रंग यायच्या आतच ती टोपलीत पडलेली असते.

म्हणून रंग बघायचा तो बीजाणूंचा. पूर्ण उमललेली एक छत्री घ्या, देठ कापा, कल्ले खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि वर वाटी पालथी घाला. रात्रभर हलवू नका. सकाळी कागदावर बीजाणूंचा ठसा उमटलेला असतो. वारुळाच्या अळंबीचा ठसा गुलाबीसर, क्लोरोफायलमचा मळकट हिरवा. उमललेली छत्री मिळाली नाही तर कोवळ्या कळ्यांवर अंदाज बांधू नका, त्या तशाच सोडा. आणि एका छत्रीचा ठसा घेऊन अख्खी टोपली पास करू नका. दोन्ही एकाच आवारात उगवू शकतात.

ठशाच्या जोडीला जमिनीखाली बघा. वारुळाच्या अळंबीचा देठ खाली मुळासारखा लांब होत थेट वाळवीच्या गादीपर्यंत जातो. क्लोरोफायलमचा देठ बुडाशी फुगीर होऊन तिथेच संपतो. पण हे कळायला देठ माती उकरून सावकाश काढावा लागतो. वरच्यावर मोडून आणलेल्या अळंबीची खात्री मला कुणी विचारू नये. उकरताना बुडाशी पिशवीसारखं आवरण दिसलं तर ते भूछत्र तिथेच टाका आणि हात धुवा. ते अॅमानिटा असू शकतं, आणि त्या कुळातल्या काही जाती यकृत निकामी करून जीव घेतात. त्यांचा ठसा पांढरा असतो, म्हणून 'हिरवा नाही ना, मग खा' हा हिशेबही चुकीचा.

चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण रंग बदलतो, किडे खातात म्हणजे आपल्यालाही चालतं, ही सगळी परीक्षा खोटी आहे. दरवर्षी कुणीतरी ती नव्यानं सांगतं, आणि दरवर्षी मला राग येतो. भाजी नीट शिजवली म्हणजे विष गेलं, यावरही भरवसा ठेवू नका.

खाऊन उलट्या सुरू झाल्या तर लगेच दवाखाना गाठा. घरात उरलेली कच्ची अळंबी, देठाच्या बुडासकट, कागदात गुंडाळून सोबत न्या. प्लास्टिकच्या पिशवीत ती सडते आणि ओळखता येत नाही.