इटालियन क्रियापदांचे तक्ते पाठ करण्याआधी जोर कुठे पडतो ते बघा

इटालियनमध्ये 'पार्लो' हा शब्द 'पा'वर जोर देऊन म्हटला तर अर्थ होतो 'मी बोलतो', आणि 'लो'वर जोर देऊन म्हटला की 'तो बोलला'. अक्षरं तीच, पण आवाजाचा दाब एकावरून दुसऱ्यावर सरकला की माणूस बदलतो आणि काळही बदलतो. लिहिताना दुसऱ्या शब्दात शेवटच्या 'ओ'वर एक तिरकी रेघ देतात, बोलताना मात्र सगळा भार कानावर. मराठीत जोर बदलून असा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण इटालियन शिकायला लागलो की हा जोर आधी जाणवतच नाही, आणि शिकवतानाही बरेचदा तक्ते हातात देऊन 'पाठ करा' म्हणतात, जोराचा विषय उच्चाराच्या धड्यात उरकून टाकतात. माझं मत अगदी उलटं आहे, इटालियन क्रियापदांत जे जे विचित्र वाटतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींची किल्ली या जोरातच आहे.

आधी पसारा किती ते बघू. इटालियन व्याकरण क्रियापदाची रूपं 'मोदो'प्रमाणे लावतं. मोदो म्हणजे आपण शाळेत शिकलो ते 'अर्थ', स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ, तीच कल्पना, बोलणारा ती गोष्ट घडलेली म्हणून सांगतोय की हुकूम करतोय की नुसती इच्छा धरतोय. इन्दिकातीवो म्हणजे साधारण आपला स्वार्थ, त्यात 8 काळ. कोन्जुन्तीवोत (घडलीच असं न म्हणता मनात धरलेली गोष्ट) 4, कोन्दित्सियोनालेत ('जमलं तर करीन'वालं रूप) 2. प्रत्येक काळात सहा माणसं (मी, तू, तो/ती, आम्ही, तुम्ही, ते) म्हणजे झाली 84 घरं, आज्ञार्थ आणि धातुसाधितं वेगळीच. आकडा बघून धडकी भरते, पण यातली बरोब्बर निम्मी, 42 घरं, जोडरूपं आहेत, म्हणजे 'असणे' किंवा 'जवळ असणे' या अर्थाचं सहाय्यक क्रियापद आणि त्यापुढे एकच धातुसाधित. ते एक धातुसाधित आलं की निम्मा तक्ता आला.

आणि या निम्म्या तक्त्यात मराठी माणूस घरच्यासारखा वावरतो. 'लुई ए आन्दातो' म्हणजे तो गेला, 'लेई ए आन्दाता' म्हणजे ती गेली, लिंग बदललं की शेपूट बदललं. खाण्यासारख्या सकर्मक क्रियेत शेपूट कर्माकडे बघतं, पण कर्म आधी सर्वनामाने आलं तरच: पिझ्झाबद्दल (ती स्त्रीलिंगी) 'लो मान्जाता', सँडविचबद्दल (तो पुल्लिंगी) 'लो मान्जातो'. आपण म्हणतोच की, मी पोळी खाल्ली, मी भात खाल्ला. दोन्हीकडे कारण सारखंच आहे, हा भूतकाळ मुळात 'खाल्लेला, लिहिलेला' अशा विशेषणासारख्या रूपातून तयार झाला, इटालियन जिच्यातून आली त्या लॅटिनमध्ये 'माझ्याकडे लिहिलेली पत्रं आहेत' अशा धाटणीतून, आणि आपल्याकडे संस्कृतच्या 'कृत', 'गत' सारख्या रूपांतून. विशेषण म्हटलं की लिंग-वचन आलंच.

आता उरलेली निम्मी घरं, खरी मजा इथे आहे. वर्तमानकाळ घ्या. पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लियामो, पार्लाते, पार्लानो. मी, तू, तो आणि ते या चार घरांत जोर मूळ धातूवर, 'पा'वर. आम्ही आणि तुम्ही या दोन घरांत जोर प्रत्ययावर. (पार्लानो म्हणताना जोर 'ला'वर दिलात तर कुठल्याही इटालियन माणसाला ते खटकतं, ही आपल्याकडची नेहमीची चूक.) नियमित क्रियापदात यापलीकडे काही होत नाही. पण 'बसणे' बघा: सियेदो, सियेदी, सियेदे, मग एकदम सेदियामो, सेदेते, आणि परत सियेदोनो. हे 'सिये' आणि 'से' का? कारण लॅटिनची बोली बदलत असताना अक्षराच्या शेवटी येणारा ऱ्हस्व 'ए' जोराखाली आला तर ताणला जाऊन त्याचा 'इये' झाला, जोर नसेल तिथे 'ए' तसाच राहिला. जोर चार घरांत, म्हणून 'इये'ही चारच घरांत.

मग 'पाहिजे, करावं लागतं' या अर्थाचं क्रियापद: देवो, देवी, देवे, दोब्बियामो, दोवेते, देवोनो. इथे कारण वेगळं, बिनजोराचा 'ए' पुढच्या ओठांनी उच्चारायच्या व्यंजनामुळे 'ओ'कडे झुकला. पण घरं तीच. 'बाहेर पडणे': एस्को, एश्शी, एश्शे, उश्शामो, उश्शीते, एस्कोनो. परत तीच घरं. 'संपवणे': फिनीस्को, फिनीश्शी, फिनीश्शे, फिनियामो, फिनीते, फिनीस्कोनो. इथे मधे एक 'इस्क' घुसलाय, जो लॅटिनमध्ये 'होऊ लागणे' असा अर्थ द्यायचा, तो अर्थ कधीच गेला पण तुकडा राहिला आणि बसला नेमका त्याच चार घरांत. आणि सगळ्यात भारी 'जाणे': वादो, वाई, वा, आन्दियामो, आन्दाते, वान्नो. ही मुळात दोन वेगळी क्रियापदं आहेत, वेगळ्या उगमाची, त्यांनी एकाच तक्त्यात वाटणी केली, आणि वाटणीची रेघ पडली ती जोराच्याच रेघेवर.

ऑक्सफर्डचे भाषाशास्त्रज्ञ मार्टिन मेडन यांनी या नमुन्यावर अनेक वर्षं काम केलंय, त्याला 'एन पॅटर्न' म्हणतात. त्यांचं म्हणणं असं की सुरुवातीला हा नमुना जोरामुळे, म्हणजे निव्वळ आवाजाच्या कारणाने तयार झाला, पण पुढे ते कारण संपल्यावरही बोलणाऱ्यांच्या डोक्यात तो साचा म्हणून टिकला, आणि नंतर ज्या क्रियापदात काही वेगळं शिरलं, अगदी दुसरं अख्खं क्रियापद शिरलं, तरी ते याच साच्यात बसवलं गेलं. मी, तू, तो आणि ते यांना एकत्र बांधणारा काही अर्थ नाही हो, 'आम्ही-तुम्ही सोडून बाकी' अशी काही कल्पना व्याकरणाबाहेर कुठे नाही. तरीही शेकडो वर्षं पिढ्यान्‌पिढ्या लहान मुलांनी तो नमुना ऐकून ऐकून उचलला. मला हे फार विलक्षण वाटतं, कारण यातून कळतं की माणसाचा मेंदू अर्थाशिवायचा नमुनासुद्धा जपतो, फक्त तो पुरेसा वेळा कानावर पडला पाहिजे.

साधा भूतकाळ, पास्सातो रेमोतो, त्यालाही हीच किल्ली लागते, फक्त घरं बदलतात. 'घेणे': प्रेसी, प्रेन्देस्ती, प्रेसे, प्रेन्देम्मो, प्रेन्देस्ते, प्रेसेरो. विद्यार्थी वैतागतात की तीन रूपं सरळ आणि तीन वाकडी हे काय. तर मी, तो आणि ते इथे जोर धातूवर, तिथे लॅटिनचं जुनं आखूड रूप टिकलं, बाकी तिघांत जोर प्रत्ययावर, तिथे धातू नेहमीचा. 'मी'चं रूप पाठ केलं की बाकी सगळी बनवता येतात. हा काळ बोलण्यात सगळीकडे सारखा नाही, उत्तरेत मिलान-तोरिनोकडे लोक गप्पांत जवळजवळ वापरतच नाहीत, जोडरूपावर भागवतात, सिसिलीत मात्र नुकत्याच घडलेल्या गोष्टीलाही तो सर्रास येतो.

भविष्यकाळाची गोष्ट याहून जुनी. लॅटिनमध्ये 'तो प्रेम करेल' होतं अमाबित आणि 'त्याने प्रेम केलं' होतं अमावित, आणि पुढे बोलीत दोन स्वरांमधला 'ब' आणि 'व' एकमेकांत मिसळले, म्हणजे भविष्य आणि भूत कानाला एकच. मग लोकांनी दुसरी सोय केली, 'गाणे' आणि 'जवळ आहे' हे दोन शब्द शेजारी ठेवले, कान्तारे हाबेओ, म्हणजे 'मला गायचंय', आणि बोलता बोलता ते चिकटून झालं कान्तेरो, जोर शेवटच्या 'रो'वर. पटत नसेल तर 'जवळ असणे'ची इटालियन रूपं ओ, आई, आ आणि भविष्याची शेपटं ओ, आई, आ शेजारी ठेवून बघा. आपणही हे रोज करतो, 'आलो आहे'चं 'आलोय', 'केलं आहे'चं 'केलंय'. या चिकटवण्याचा फार जुना लेखी पुरावा सातव्या शतकातल्या फ्रेडेगरच्या लॅटिन बखरीत सापडतो, त्यात हरलेला इराणचा राजा प्रांत परत द्यायला 'नाही देणार' म्हणतो आणि सम्राट जस्टिनियन उत्तर देतो, 'दारास', म्हणजे 'देशील'. गोष्ट रचलेली आहे, दारा नावाच्या शहराचं नाव कसं पडलं ते सांगण्यासाठी, पण ते रूप खरं आहे.

कोन्दित्सियोनाले, म्हणजे 'जमलं तर करीन'वालं रूप, तेही असंच चिकटून झालं, फक्त इथे 'जवळ असणे'चा भूतकाळ चिकटला. म्हणून पार्लेरेमो म्हणजे आम्ही बोलू, आणि पार्लेरेम्मो म्हणजे आम्ही बोलू, पण संधी मिळाली तर. फरक फक्त एका जास्तीच्या 'म'चा. हा फरक ऐकणं आपल्याला सोपं जातं, पत्ता, पक्का, अड्डा बोलणाऱ्यांचे कान जोडव्यंजनाला सरावलेले असतात.

आता कोन्जुन्तीवो, ज्याला सगळे घाबरतात. मला वाटतं, आशा आहे, भीती वाटते, असं काही म्हटलं की पुढचं क्रियापद या रूपात घालायचं, कारण ती गोष्ट घडलीच असं आपण म्हणत नाही. रूप बनवायला एकवचनात बहुतेक वेळा स्वरांची अदलाबदल पुरते, 'पार्ला' (बोलतो) चं 'पार्ली', 'क्रेदे' (विश्वास ठेवतो) चं 'क्रेदा'. अनोळखी माणसाला आदराने काही सांगतानाही हेच रूप येतं: वेंगा म्हणजे 'आपण यावं', सेन्ता म्हणजे 'आपण ऐकावं', आणि पर्यटकांनाही पाठ असलेलं स्कूज़ी म्हणजे 'क्षमा करावी'. मराठी लग्नपत्रिकेतही 'अगत्य यावे' असतं, 'या' नसतं, आपला विध्यर्थ अगदी हेच काम करतो.

'जर-तर'मध्ये मात्र पुस्तकातली इटालियन दोन्ही बाजूंना वेगळी रूपं मागते, जरला कोन्जुन्तीवो आणि तरला कोन्दित्सियोनाले: 'से लो आवेस्सी सापूतो, नोन सारेई वेनूतो', मला माहीत असतं तर मी आलो नसतो. गप्पांत लोक सर्रास म्हणतात 'से लो सापेवो, नोन वेनीवो', दोन्हीकडे साधा अपूर्ण भूतकाळ, संपला विषय. मराठीतही 'असतं तर… नसतो', दोन्हीकडे एकाच घडणीचं रूप, त्यामुळे हे दुसरं वाक्य आपल्या तोंडात पटकन बसतं. परीक्षेत आणि ऑफिसच्या मेलमध्ये पहिलं लिहायचं, तिथे दुसरं अजून चूकच धरतात.