चीनमधील शालेय इंग्रजी उतारा-आकलन सराव

चीनच्या माध्यमिक शाळांत इंग्रजी उतारा वाचून त्याखालचे प्रश्न सोडवण्याचा जो रोजचा सराव चालतो, त्याला चिनी भाषेत ‘युएदू लीज्ये’ म्हणतात. सातवी ते नववीच्या कनिष्ठ टप्प्याअखेर ‘झोंगकाओ’ ही वरिष्ठ शाळेची प्रवेशपरीक्षा आणि दहावी ते बारावीच्या वरिष्ठ टप्प्याअखेर ‘गाओकाओ’ ही विद्यापीठ प्रवेशपरीक्षा येते. सरावाचे स्वरूप या दोन परीक्षांनी ठरवले आहे. महाराष्ट्रातल्या बोर्डाच्या विद्यार्थ्याला ‘अनसीन पॅसेज’ म्हणून हा प्रकार परिचित आहे. मात्र आपल्याकडे बहुतेक उत्तरे लिहायची असतात, तिथे चार पर्यायांतून एक निवडून उत्तरपत्रिकेवरची चौकट काळी करायची असते. चिनी सरावाच्या बहुतेक सवयी या एका फरकातून निघालेल्या आहेत.

सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली गाओकाओ १९७७ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. इंग्रजीचे गुण सुरुवातीला एकूण गुणांत नीट धरलेच जात नसत. ते टप्प्याटप्प्याने वाढवत नेले आणि १९८३ पासून पूर्ण धरले जाऊ लागले. पुढचे मोठे वळण १९८५ चे. त्या वर्षी ग्वांगडोंग प्रांतात इंग्रजीची प्रमाणित परीक्षा प्रायोगिक तत्त्वावर घेण्यात आली. ग्वांगचौच्या परदेशी भाषा संस्थेतले भाषावैज्ञानिक ग्वेई शिचुन आणि त्यांच्या सहकारी ली श्याओज्यू ही त्यामागची प्रमुख नावे. व्याकरणाचे नियम घोकून आलेल्या मुलाला भाषा वापरता येते की नाही हे तपासावे, हा त्यांचा हेतू होता आणि त्या काळाच्या मानाने तो पुरोगामी होता. लाखो उत्तरपत्रिका यंत्राने, कोणाचीही मर्जी आड न येता तपासून व्हाव्यात ही गरजही तितकीच खरी होती. दोन्ही गोष्टी बहुपर्यायी प्रश्नात साधल्या. २०२४ साली गाओकाओला १ कोटी ३४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नाव नोंदवले होते. एवढ्या गर्दीत यंत्र आणि टू-बी पेन्सिल यांना दूर करणे कोणत्याही सुधारकाला सोपे नाही.

गाओकाओत चिनी, गणित आणि परदेशी भाषा या तिन्ही विषयांना प्रत्येकी १५० गुण असतात. परदेशी भाषेचा पेपर ८ जूनला दुपारी तीन ते पाच. बहुतेक प्रांतांत चालणाऱ्या नव्या धाटणीच्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत श्रवणाला ३०, वाचनाला ५०, भाषावापराला ३० आणि लेखनाला ४० गुण आहेत. वाचनाच्या ५० पैकी साडेसदतीस गुण चार उताऱ्यांवरच्या १५ प्रश्नांना, म्हणजे दर प्रश्नाला अडीच गुण. एक चूक अडीच गुणांची, आणि प्रवेशाच्या यादीत एका गुणात शेकडो मुले मागेपुढे होतात. पालकांच्या काळजीचा हिशेब इथून सुरू होतो.

चार उताऱ्यांचा क्रम इतका ठरून गेला आहे की विद्यार्थी त्यांना नुसते ए, बी, सी, डी म्हणून ओळखतात. ए म्हणजे जाहिरात किंवा माहितीपत्रक: संग्रहालयाच्या वेळा, सुटीतल्या शिबिरांचे शुल्क, सहलीचे मार्ग. त्यावर तीन प्रश्न, बाकीच्यांवर चार-चार. बी बहुधा कोणाची तरी हकिगत असते. सी माहितीपर असतो. डी बहुतेकदा एखाद्या संशोधनाविषयी, आणि त्यातच मुले अडतात. उतारे साधारण तीनशे शब्दांचे असतात व बरेचसे ब्रिटिश-अमेरिकी वृत्तपत्रे आणि संकेतस्थळांवरून घेऊन सोपे केलेले असतात. ही गोष्ट फुटल्यापासून क्लासवाले परदेशी नियतकालिकांतले लेख कापून त्याच साच्याचे उतारे बनवू लागले.

याशिवाय ‘सातातून पाच’ नावाचा प्रकार आहे. उताऱ्यातून पाच वाक्ये काढून घेतलेली असतात आणि खाली सात दिलेली असतात. योग्य पाच जागच्या जागी बसवायची, दोन फसवी सोडून द्यायची. गाळलेल्या शब्दांचा उताराही असतो. ही पद्धत मुळात विल्सन टेलर या अमेरिकी अभ्यासकाने १९५३ मध्ये मजकूर वाचायला किती सोपा आहे हे मोजण्यासाठी मांडली. त्याने ठरावीक अंतराने शब्द गाळले होते. चिनी पेपरात परीक्षक गाळायचे शब्द हेरून निवडतात आणि प्रत्येकाला चार पर्याय देतात, म्हणून तो मोजमापापेक्षा सापळा जास्त वाटतो.

वर्गातला सराव

शाळा सुरू होते ती ‘झाओदू’ने, म्हणजे पहाटेच्या सामूहिक मोठ्याने वाचनाने. शब्दयाद्या आणि पाठातले परिच्छेद सगळा वर्ग एकदम म्हणतो. रात्री शाळेतच स्वाध्यायाचा तास असतो. उतारे बहुधा तेव्हा सुटतात, घड्याळ लावून, एका उताऱ्याला सात-आठ मिनिटे. बारावीच्या वर्षात नवे काही फारसे शिकवले जात नाही. उजळणीची पहिली, दुसरी, तिसरी फेरी आणि मधूनमधून पूर्वपरीक्षा असे ते वर्ष जाते. या अखंड सोडवण्याला मुले ‘श्वाती’ म्हणतात, प्रश्न घासून काढणे. चुकलेले प्रश्न उतरवून घ्यायची वेगळी वही असते आणि ती नीट ठेवलेली असणे हे हुशार मुलाचे लक्षण मानले जाते.

सरावसाहित्याचा बाजार प्रचंड आहे. मागच्या पाच वर्षांचे खरे पेपर आणि तीन वर्षांचे सराव पेपर एकत्र बांधलेला जाडजूड संच मुले ‘वू-सान’, पाच-तीन, या टोपणनावाने ओळखतात. शान्शी प्रांतातून निघणारे ‘यिंग्यू झोउबाओ’ हे इंग्रजी साप्ताहिक शाळाशाळांतून घेतले जाते. नावाने वर्तमानपत्र, आतून मुख्यतः प्रश्नपत्रिका.

शिक्षक प्रश्नांचे चार वर्ग करतात: तपशील शोधा, अनुमान काढा, मुख्य कल्पना सांगा, शब्दाचा अर्थ संदर्भावरून ओळखा. नंतरचा धडा चुकीच्या पर्यायांचा. खरे कसब इथेच शिकवले जाते. समजा उताऱ्यात असे आहे: एका शहरातल्या काही शाळांनी दुपारच्या झोपेचा तास लांबवला आणि तीन महिन्यांनी वर्गातली चुळबूळ कमी झाल्याचे शिक्षकांना वाटले. आता एक पर्याय म्हणतो, शहरातल्या सगळ्या शाळांना याचा फायदा झाला. ‘काही’चे ‘सगळ्या’ केले, म्हणून बाद. दुसरा म्हणतो, विद्यार्थ्यांना आपण शांत झाल्यासारखे वाटले. वाटले ते शिक्षकांना. या चुकीला शिक्षक ‘झांगची टोपी लीच्या डोक्यावर’ म्हणतात. तिसरा म्हणतो, मुलांचे गुण वाढले. उताऱ्यात गुणांचा उल्लेखच नाही, म्हणून ‘शून्यातून निर्मिती’. उरलेला पर्याय मूळ वाक्यच वेगळ्या शब्दांत सांगतो: मुले तासाला अधिक स्थिर बसत असल्याचे निरीक्षण आहे. उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे ज्या पर्यायात दिसतील त्यावर आधी संशय घ्या, हा नियम अगदी कनिष्ठ वर्गातल्या मुलालाही पाठ असतो.

दुसरी शिकवण क्रमाची. आधी प्रश्न वाचा, त्यातल्या नेमक्या शब्दाखाली रेघ मारा, उताऱ्यात ती जागा शोधा, आजूबाजूची दोन वाक्ये वाचा, उत्तर द्या. कुशल विद्यार्थी उतारा सलग न वाचताही तपशिलाचे प्रश्न अचूक सोडवतो. वाचनाची परीक्षा न वाचता देता येणे हे या तंत्राचे यश म्हणायचे की अपयश, यावर चिनी शिक्षकांतच दोन तट आहेत. पण शोधणे हेही वाचनाचे एक अंग आहे हे मान्य करावे लागते. रेल्वेचे वेळापत्रक किंवा औषधाच्या डबीवरचा कागद कोणी पहिल्या ओळीपासून वाचत नाही.

चिनी भाषक आणि इंग्रजी वाक्य

इंग्रजी उतारा चिनी मुलाला जड जातो त्यात भाषेचाही वाटा आहे. चिनी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, नामाला अनेकवचनाचा प्रत्यय सहसा लागत नाही. इंग्रजीतली अशी बारीक चिन्हे डोळ्यांतून निसटतात. त्याहून अवघड वाक्यरचना. चिनीत नामाचे सगळे विशेषण नामाच्या आधी येते, मराठीतल्या ‘काल शाळेत आलेला माणूस’सारखे. इंग्रजीत माणूस आधी येतो आणि त्याच्यामागे तो कधी, कुठे आला ही शेपटी लागते. शेपटीला शेपटी जोडलेली अशी वाक्ये डी उताऱ्यात हमखास असतात. ‘लांब-अवघड वाक्ये’ या नावाने त्यांचा वेगळा तास होतो. कंस घालून जोडवाक्ये बाजूला काढायची, मुख्य क्रियापद शोधायचे, मग अर्थ लावायचा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलालाही हेच कंस उपयोगी पडतील, पण आपल्याकडे ते इतक्या शिस्तीने क्वचित शिकवले जातात.

शब्द ओळखण्याची पद्धतही वेगळी दिसते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात, ज्यांची लिपी ध्वनिदर्शक आहे अशा कोरियन वाचकांपेक्षा चिनी वाचक इंग्रजी शब्दाच्या उच्चारावर कमी आणि दृश्य रूपावर अधिक विसंबतात असे आढळले. चित्रलिपीसारखा शब्द पाहून लक्षात ठेवणाऱ्या मुलाला वाचताना अर्थ कळतो, तोच शब्द ऐकताना कळत नाही.

शब्दसंख्येचा भार वेगळाच. गाओकाओसाठी अभ्यासक्रमाने सुमारे ३००० शब्दांची अपेक्षा ठेवली आहे. चिनीत इंग्रजी उसने शब्द थोडे. आपल्या मुलाला ‘टेबल’, ‘स्टेशन’, ‘हॉस्पिटल’ घरीच मिळतात, चिनी मुलाला प्रत्येक शब्द नव्याने कमवावा लागतो.

शहर आणि खेडे यांतले अंतर या सगळ्यावर पसरलेले आहे. इंग्रजी तिसरीपासून सुरू करण्याचे धोरण २००१ मध्ये आले, पण शिक्षक सगळीकडे सारख्या तयारीचे मिळाले नाहीत. कलादालन, स्वयंसेवा, परदेशातली शिबिरे हे विषय शांघायच्या मुलाला ओळखीचे असतात. डोंगराळ गावातल्या मुलाला आधी ती गोष्ट काय आहे हे कळावे लागते, मग वाक्य. गाओकाओत इंग्रजीऐवजी रशियन, जपानी, फ्रेंच, जर्मन किंवा स्पॅनिश घेता येते. इंग्रजी कच्चे राहिलेली बरीच मुले वरिष्ठ टप्प्यावर जपानीकडे वळतात. त्यात कितीतरी शब्द चिनी लिपीचिन्हांतच लिहिलेले असतात.

बदलाचे प्रयत्न

वर्षानुवर्षे तीनशे शब्दांचे तुकडे वाचलेल्या मुलाने एकही इंग्रजी पुस्तक पुरे वाचलेले नसते, ही टीका जुनी आहे. वरिष्ठ टप्प्याच्या २०१७ च्या अभ्यासक्रमाने म्हणून अवांतर वाचनाची मोजणीच घालून दिली: अनिवार्य पाठ्यक्रमात आठवड्याला किमान १५०० शब्द, पुढच्या पाठ्यक्रमात सरासरी २५००. पेपरात ज्याला गुण नाहीत ते मोजूनही होत नाही, असा बहुतेक शाळांचा अनुभव.

पेपरातच केलेला बदल जास्त परिणामकारक ठरला. ऑक्टोबर २०१६ मध्ये झेजियांग प्रांताने ‘वाचून पुढे लिहा’ हा प्रश्न आणला. सुमारे ३५० शब्दांची अर्धवट गोष्ट द्यायची, पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्ये द्यायची, आणि विद्यार्थ्याने दीडशे शब्दांत ती पुरी करायची. ग्वांगडोंगचे अभ्यासक वांग चुमिंग यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला होता. मूळ लेखकाची भाषा उचलत पुढे लिहिताना वाचन अंगी मुरते, असे त्यांचे म्हणणे. हा प्रश्न आता नव्या राष्ट्रीय पेपरात २५ गुणांना आहे. इथे उतारा सलग वाचल्याशिवाय चालत नाही. तरीही वर्ष-दोन वर्षांत बाजारात पाठ करायची तयार वाक्ये आली: रागाने लाल झालेला चेहरा, गालांवर ओघळणारे अश्रू, शेवटी ढगांतून आलेले ऊन. परीक्षकांना तीच वाक्ये हजारोंनी वाचावी लागतात.

याच झेजियांगमध्ये नोव्हेंबर २०१८ च्या इंग्रजी परीक्षेवरून मोठा गदारोळ झाला. तिथे इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा देता येते. या खेपेस वाचन आणि लेखनातले काही प्रश्न फार अवघड गेले म्हणून अधिकाऱ्यांनी त्यांचे गुण परस्पर वाढवून दिले. त्यामुळे सोप्या प्रश्नांत चांगले गुण मिळवलेली मुले मागे पडली. पालक उठले, प्रांतिक सरकारने चौकशी केली आणि डिसेंबरात वाढीव गुण रद्द करून मूळ गुण लावण्यात आले. वरिष्ठ अधिकाऱ्यांवर कारवाईही झाली. वाचनाच्या पेपरातला अडीच-अडीच गुणांचा हिशेब समाजाला किती नाजूक वाटतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

जुलै २०२१ च्या ‘दुहेरी कपात’ धोरणाने नववीपर्यंतच्या मुलांसाठी नफ्यावर चालणाऱ्या विषयवार शिकवण्यांवर बंदी आली. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘न्यू ओरिएंटल’ या सर्वांत नावाजलेल्या शिकवणी-कंपनीने मग आपले शिक्षक थेट प्रक्षेपणातून शेतमाल विकायला उभे केले. तांदूळ, मका विकता विकता ते फळ्यावर इंग्रजी शब्द समजावून सांगत, आणि लोक शब्द ऐकायला थांबून मका घेत.

हाँगकाँग व तैवान

चिनी भाषकांच्या या दोन प्रदेशांत परीक्षा वेगळ्या, म्हणून सरावही वेगळा. तैवानच्या प्रवेशपरीक्षेत २०२२ पासून मिश्र प्रश्न आले आहेत. त्यांत निवडीबरोबर थोडे शब्द स्वतः लिहावे लागतात. हाँगकाँगच्या २०१२ पासूनच्या डिप्लोमा परीक्षेत इंग्रजी वाचनाचा दीड तासाचा पेपर २० टक्के गुणांचा असतो आणि बरीच उत्तरे हाताने लिहायची असतात. त्याचा ‘अ’ भाग सर्वांना सक्तीचा, ‘ब’ भागात सोपा आणि अवघड असे दोन पर्याय. सोपा निवडला तर या पेपरात जास्तीत जास्त चौथी श्रेणी मिळू शकते. त्यावर पाचवी श्रेणी आणि तिचे दोन वरचे दर्जे आहेत. त्यामुळे कोणत्या मुलाकडून कोणत्या भागाचा सराव करून घ्यायचा, हे शिक्षकाला परीक्षेच्या बरेच आधी ठरवावे लागते.