मोशन सेन्सरवरचे बाहेरचे दिवे : घरगुती जोडणी

माणसाची चाहूल लागताच पेटणारे आणि ठरावीक वेळाने आपोआप विझणारे दिवे दारात, जिन्यात, पार्किंगमध्ये किंवा अंगणात बसवण्याची पद्धत. मुंबईत अंगण थोड्यांच्याच वाट्याला येते. इथे ‘बाहेर’ म्हणजे बहुधा गिरगाव-लालबागच्या चाळीतली गॅलरी, सोसायटीचा जिना, इमारतीखालचे पार्किंग किंवा कोळीवाड्यातल्या घराची पायरी. गोराई, मढ या बाजूला मात्र अंगण-परसू असलेली बैठी घरे अजून आहेत.

घरगुती सेन्सर बहुतेक ‘पीआयआर’ (पॅसिव्ह इन्फ्रारेड) जातीचे असतात. ते स्वतः कोणतेही किरण सोडत नाहीत. माणसाच्या शरीरातून सुमारे ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक अवरक्त प्रारण (उष्णतेचे अदृश्य किरण) निघते, तेच ते टिपतात. पुढचे दुधी प्लॅस्टिकचे भिंग समोरचा भाग अनेक पट्ट्यांत वाटते. आत एकमेकींच्या विरुद्ध जोडलेल्या दोन संवेदक पट्ट्या असतात. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की दोन्हींत फरक पडतो आणि रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) दिवा लावतो. म्हणूनच समोरून आडवा जाणारा माणूस चटकन कळतो, सरळ सेन्सरकडे चालत येणारा उशिरा. सेन्सर दाराच्या नेमका वर, वाटेकडे तोंड करून लावण्याची सवय त्यामुळे चुकीची आहे. दोन ते अडीच मीटर उंचीवर, येणारा आडवा कापत जाईल असा कोन साधावा.

हे सगळे तापमानाच्या फरकावर चालते. मे महिन्यात मुंबईची रात्र २७-२८ अंशांच्या खाली फारशी उतरत नाही आणि दिवसभर तापलेली पश्चिमेची भिंत उशिरापर्यंत गरम राहते. अशा वेळी पल्ला घटतो. डिसेंबरात दहा मीटरवरून पेटणारा दिवा मेमध्ये बराच जवळ आल्यावर पेटला, तर सेन्सर बिघडला असे समजू नये. उष्णतेचा असा परिणाम न होणारे मायक्रोवेव्ह सेन्सरही मिळतात आणि पार्किंगला ते चांगले. मात्र त्यांच्या लहरी पातळ पार्टिशनमधून आरपार जातात. चाळीच्या गॅलरीत लावले तर शेजारी खोलीत कूस बदलली तरी बाहेर उजेड पडू शकतो.

जोडणीचा खरा प्रश्न न्यूट्रलचा, म्हणजे विजेच्या परतीच्या वायरीचा आहे. नेहमीच्या सेन्सरला तीन वायरी असतात : तपकिरी म्हणजे येणारा फेज (वीज घेऊन येणारी वायर), निळी न्यूट्रल आणि लाल म्हणजे सेन्सरकडून दिव्याकडे जाणारी. दिव्याचे दुसरे टोक थेट न्यूट्रलवर जाते आणि धातूच्या दिव्याला अर्थ (जमिनीत जाणारी सुरक्षेची वायर) जोडावीच लागते. पण घरातल्या स्विचपाशी पुष्कळदा फक्त फेज आणि दिव्याकडे जाणारी वायर असते, न्यूट्रल वरच्या वर दिव्यालाच गेलेला असतो. म्हणून सेन्सर बोर्डाऐवजी दिव्यापाशी बसवणे सोपे पडते. दोनच वायरींचे सेन्सरही बाजारात आहेत. ते दिव्यातूनच थोडा प्रवाह खेचतात, त्यामुळे कमी वॅटचा एलईडी मिणमिणतो किंवा फडफडतो. न्यूट्रल मिळत नाही म्हणून अर्थची वायर त्या जागी वापरणे हा तर जिवाशी खेळ आहे.

रंगांवर विसंबू नये. घरातल्या वायरिंगमध्ये सहसा लाल हा फेज आणि काळा न्यूट्रल असतो. सेन्सरची लाल मात्र दिव्याची असते. लालला लाल जोडणाऱ्याचा दिवा त्यामुळे नीट चालत नाही. त्याहून घातक गोष्ट निळ्याची. थ्री-फेज पुरवठा असलेल्या इमारतीत लाल, पिवळा आणि निळा हे तिन्ही फेज असतात. तिथली निळी न्यूट्रल समजून जोडली आणि तपकिरीवर दुसरा फेज आला, तर २३० व्होल्टच्या सेन्सरवर ४०० व्होल्ट पडतात. म्हणून आधी टेस्टरने किंवा मीटरने प्रत्येक वायर तपासून खूण करावी, मग एमसीबी (त्या जोडणीचा सुरक्षा-स्विच) बंद करावा, आणि हात घालण्यापूर्वी वायरीत वीज उरली नाही हे पुन्हा पाहावे. लाकडी पट्टीवरचे जुने वायरिंग असलेल्या चाळींत अर्थ नसण्याचीच शक्यता जास्त. तिथे हे काम परवानाधारक वायरमनकडेच द्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना, हे त्याच्याकडून बघून घ्यावे.

सेन्सरला समांतर एक साधा स्विच ठेवला की गणपतीत किंवा घरी कार्य असताना दिवा रात्रभर चालू ठेवता येतो. सेन्सरच्या खोक्यावर दोन क्षमता छापलेल्या असतात, जुन्या बल्बसाठी मोठी आणि एलईडीसाठी बरीच कमी. एलईडी पेटताना क्षणभर मोठा प्रवाह खेचतो आणि रिलेचे संपर्क चिकटतात, म्हणून धरायची ती कमी असलेलीच.

उरलेला शत्रू पाऊस. जून ते सप्टेंबर वाऱ्याबरोबर आडवे झोडपणारे पाणी आणि किनाऱ्याची खारी हवा यांपुढे टेप गुंडाळलेला सांधा टिकत नाही. तांब्यावर हिरवट थर चढतो आणि सांधा तापू लागतो. उघड्यावर आयपी ६५ दर्जाचा (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाऊ देणारा) सेन्सर आणि झाकणाचा जंक्शन बॉक्स घ्यावा. वायर बॉक्सच्या खालच्या बाजूनेच आत न्यावी आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी तिथूनच टपकते. वरून भोक पाडलेला बॉक्स पहिल्या मोठ्या पावसात भरतो.

वीज जोडल्यावर सेन्सर स्थिरावायला साधारण अर्धे ते एक मिनिट लागते. तोवर दिवा आपोआप लागला-विझला तरी हरकत नाही. नंतर सेन्सरवरची वेळेची चकती (दिवा किती वेळ पेटता राहील ते ठरवणारी) किमान ठेवून, उजेडाची चकती (किती अंधार पडल्यावर पेटेल ते ठरवणारी) दिवसाही पेटेल अशी करून चालून पाहावे आणि मगच दोन्ही हव्या तिथे आणाव्यात. उगाच पेटण्यामागे मांजर, हलती नारळाची झावळी, एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा किंवा थेट भिंगावर फिरणारी पाल असते. भिंगाच्या नको त्या भागावर अपारदर्शक पट्टी चिकटवली की बराचसा त्रास थांबतो.

बचतीचा हिशेब असा : १५ वॅटचा दिवा रोज १२ तास जळला तर ३० दिवसांत ५.४ युनिट होतात, सेन्सरवर रोज एकूण तासभर जळला तर ०.४५. सेन्सर स्वतः अर्धा वॅट घेतो असे धरले तरी त्याचे ०.३६ युनिट वाढतात. एका दाराच्या दिव्याला ही बचत किरकोळ आहे. दहा मजल्यांच्या जिन्यात मात्र ती सोसायटीच्या बिलात दिसते. जिना, गॅलरी, पार्किंग इथले दिवे सामायिक मीटरवर असतात. तिथे सेन्सर बसवण्यापूर्वी कमिटीची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि स्वतःच्या मीटरवरची वायर सामायिक दिव्याला जोडता येत नाही, कारण दोन मीटरचे न्यूट्रल एकत्र आले की आरसीसीबी पडत राहतो.