पी५३ आणि डीएनए बिघाडानंतरचं जीन नियंत्रण

पी५३ हे माणसाच्या १७ व्या क्रोमोसोमवरच्या टीपी५३ या जीनपासून बनणारं ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठी होऊ न देणारं प्रोटीन, ३९३ अमिनो ॲसिडचं. वजन खरं तर ४४ किलोडाल्टनच्या (प्रोटीनचं वजन मोजायचं एकक) आसपास, पण प्रोलीन या अमिनो ॲसिडमुळे वजन मोजायच्या जेलमध्ये हळू सरकतं म्हणून ५३ मोजलं गेलं आणि तोच आकडा कायम राहिला.

शोधाचं श्रेय एकाला देता येत नाही. १९७९ च्या सुमारास लंडनमध्ये डेव्हिड लेन आणि लायोनेल क्रॉफर्ड, प्रिन्स्टनमध्ये डॅनियल लिंझर आणि अर्नोल्ड लेव्हिन, शिवाय पिएर मे आणि लॉइड ओल्ड यांचे गट, सगळे साधारण एकाच वेळी तिथे पोचले, आणि त्यातल्या बहुतेकांना ते माकडांतल्या एसव्ही४० व्हायरसच्या टी अँटिजेन या प्रोटीनला चिकटलेलं मिळालं, त्यामुळे पुढची जवळजवळ दहा वर्षं ते कॅन्सर वाढवणारं जीन म्हणूनच धरलं गेलं. १९८४ मधले रास या कॅन्सर वाढवणाऱ्या जीनसोबतचे प्रयोगही तेच सांगत होते. घोळ असा की वापरलेले क्लोनच (पी५३ च्या जीनच्या प्रती) म्युटेशनवाले होते! नॉर्मल पी५३ उलट पेशीला आवरतं हे लेव्हिन यांच्या लॅबने १९८९ मध्ये दाखवलं, त्याच वर्षी बर्ट फोगलस्टाइन यांच्या गटाला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ते बिघडलेलं सापडलं.

एरवी एमडीएम२ हे प्रोटीन पी५३ ला सतत संपवत असतं. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की एटीएम आणि सीएचके२ ही एन्झाइम्स पी५३ वर फॉस्फेट लावतात, एमडीएम२ ची पकड सुटते, पी५३ साठतं आणि चार-चारच्या गटात डीएनएवर बसून पी२१ (पेशीविभाजन थांबवणारं), पुमा, बॅक्स (पेशीला मारणारी) अशी जीन्स चालू करतं. एमडीएम२ चं जीनही त्यातच येतं, म्हणून पी५३ ची पातळी चढते-उतरते, एक फेरी साधारण साडेपाच तासांची.

जीन्स बंद कशी होतात यावर मात्र वाद आहे. जुन्या लेखांत पी५३ थेट बंद करतं अशा जीन्सच्या लांबलचक याद्या मिळतात, पण पूर्ण जीनोमवरचा नंतरचा डेटा पाहिला तर बरंचसं काम आडून होतं हेच जास्त पटतं, म्हणजे पी२१ आधी सीडीके ही पेशीविभाजन पुढे नेणारी एन्झाइम्स थांबवतं आणि मग ड्रीम नावाचं प्रोटीन कॉम्प्लेक्स पेशीविभाजनाची जीन्स दाबून ठेवतं.

माणसाच्या साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये टीपी५३ बिघडलेलं असतं, बहुतेकदा डीएनएला धरणाऱ्या भागातच, १७५, २४८, २७३ या क्रमांकाच्या अमिनो ॲसिडच्या जागी. बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिनमुळे होणाऱ्या लिव्हर कॅन्सरमध्ये २४९ ची जागा ठरलेली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये जीन सहसा शाबूत असतं, तिथे एचपीव्ही या व्हायरसचं ई६ प्रोटीनच पी५३ चा निकाल लावतं.