बर्फ कंबरेत किती खोल जातो?

जमिनीवरची बादली उचलायला वाकलो आणि कंबरेत अशी चमक निघाली की धड सरळ होता येईना, धड खाली बसता येईना. उसण भरली होती. पलंगाची कड धरून उभा असताना घरातून दोन सल्ले आले: एक म्हणाला गरम शेक घे, दुसरा म्हणाला बर्फ लाव. मी बर्फ लावला. पंधरा मिनिटांत कळ इतकी उतरली की बर्फाने आत जाऊन दुखणं बरंच केलं असं वाटलं. पुढे या विषयावर वाचत गेलो तेव्हा कळलं, की त्या पंधरा मिनिटांत बर्फ दुखण्याच्या जागेपर्यंत बहुधा पोहोचलाच नव्हता.

कंबरेवर आधी त्वचा, तिच्याखाली चरबी, मग एक चिवट आवरण आणि त्याच्या आत मणक्यांना लागून असलेले जाड स्नायू. मणक्यांमधल्या चकत्या त्याहूनही आत, कित्येक सेंटीमीटर खोल. चरबी उष्णता सहज वाहू देत नाही. थंडीच्या दिवसांत आतली ऊब ती राखून ठेवते आणि बर्फालाही तशीच अडवते. 2002 साली मांडीच्या स्नायूवर केलेलं एक मोजमाप बोलकं आहे. चरबीच्या थराखाली 1 सेंटीमीटरवर स्नायूचं तापमान 7 अंशांनी उतरायला किती वेळ लागतो ते पाहिलं गेलं. चिमटीत त्वचेची पातळ घडी येणाऱ्यांना साधारण 8 मिनिटं लागली, आणि तीन-चार सेंटीमीटर जाड घडी असणाऱ्यांना जवळजवळ 1 तास! म्हणजे वीस मिनिटांच्या बर्फाने कंबरेतली चकती थंड होईल, ही आशा सोडून द्यावी.

मग आराम पडतो तो कशाने? त्वचेतल्या नसांमुळे. थंडीने नसेतून जाणारा संदेश मंदावतो. त्वचेचं तापमान 10 अंश सेल्सिअसच्या आसपास आलं, की त्या भागातल्या नसेचा वेग सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचं घोट्यावरच्या प्रयोगात दिसलं आहे. वेदना सहन करण्याची मर्यादाही त्याबरोबर वाढली होती.

पण आतल्या स्नायूची नस तर थंड झालेलीच नसते. तिथे दुसरी गोष्ट कामाला येते. त्वचेकडून आणि खोल स्नायूंकडून निघालेले संदेश मज्जारज्जूत एकत्र येतात. मेल्झॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी 1965 मध्ये मांडलं, की तिथे जणू एक दार असतं. इतर संवेदनांची गर्दी झाली, तर वेदनेच्या संदेशाला त्या दारातून पुढे जाणं अवघड होतं. डोकं आपटलं की हात आपसूक तिथे चोळायला जातो, तोही याचसाठी. त्या सिद्धांताच्या तपशिलात पुढे बरेच बदल झाले, पण गाभा टिकला. थंडी ओळखणारा त्वचेतला मुख्य रेणू 2002 मध्ये सापडला. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांनी तो स्वतंत्रपणे शोधला. स्पर्श आणि तापमान आपल्याला कसं कळतं यावरच्या कामासाठी दोघांना 2021 चं नोबेल मिळालं. मेंथॉलनेही हाच रेणू जागा होतो, म्हणून मलम चोळल्यावर तापमान न उतरताही गार वाटतं.

पुराव्याबद्दल सरळ बोलायला हवं. कंबरदुखीवरच्या शेकाचा कॉक्रेन या संस्थेने 2006 मध्ये आढावा घेतला: 9 चाचण्या, 1117 माणसं. उष्णतेने थोडा, थोड्या काळापुरता आराम पडतो असं दिसलं. थंडीबद्दल ठाम काही म्हणण्याइतका पुरावाच हाती आला नाही. 2010 च्या एका चाचणीत मान किंवा पाठ लचकलेल्या 60 जणांना वेदनाशामक गोळी देऊन त्यातल्या काहींना गरम, काहींना थंड शेक दिला. दोन्ही गटांना जवळपास सारखाच, बेताचा आराम पडला. ‘आधी दोन दिवस बर्फ, मग शेक’ हा नियम आपण वेदवाक्यासारखा सांगतो, पण त्याला इतका भक्कम आधार नाही. दुखापतीवर बर्फ लावण्याचं सूत्र 1978 मध्ये रूढ करणारे डॉ. गेब मर्किन यांनीही पुढे मत बदललं. सूज हा भरून येण्याचाच भाग आहे आणि बर्फामुळे ते काम लांबू शकतं, असं त्यांनी लिहिलं. त्यामुळे ज्याला गरम शेकाने बरं वाटतं, त्याने हट्टाने बर्फ लावायची गरज नाही.

बर्फ लावायचाच, तर वितळणारा लावावा. पिशवीत बर्फाचे तुकडे आणि थोडं पाणी घातलं, की सगळा बर्फ विरघळेपर्यंत ते मिश्रण 0 अंशाच्या आसपासच राहतं. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता ओढून घेतो, त्यामुळे गारवाही टिकतो. फ्रीझरमधून थेट काढलेली जेलची पिशवी मात्र उणे 18 अंशांपर्यंत असू शकते. ती उघड्या त्वचेवर ठेवली तर हिमदंश होऊ शकतो. मध्ये पातळ ओलसर कापड हवंच. पालथं झोपून किंवा कुशीवर वळून 15 ते 20 मिनिटं ठेवावी. पिशवीवर पाठ टेकून झोपू नये, कारण वजनाने दाब वाढतो आणि डोळा लागला तर वेळेचं भान राहत नाही.

त्वचा काय सांगते ते ऐकत राहायचं. आधी गार लागतं, मग चुरचुरतं, मग ठणकतं आणि शेवटी बधीर होतं. बधीरपणा आला की पिशवी काढायची. त्वचा लालसर दिसली तर ठीक. पांढरी, मेणासारखी दिसली तर जास्त झालं. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्यांना हे इशारे कळतच नाहीत, म्हणून त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बर्फ लावू नये. गारव्याने बोटं पांढरी पडणाऱ्यांनी किंवा अंगावर पित्ताच्या गांधी उठणाऱ्यांनीही तसंच करावं.

आणि बर्फ काढल्यावर परत आडवं व्हायचं नाही. माझ्या मते सगळा उपयोग इथेच आहे. कंबर थोडा वेळ शांत असते, तेवढ्यात कुशीवर वळून, हाताचा आधार घेत उठावं आणि घरातल्या घरात चार फेऱ्या माराव्यात. पडून राहिल्याने साधी कंबरदुखी लांबते, हे आता पक्कं ठाऊक आहे. बहुतेकांची उसण काही दिवसांत ते काही आठवड्यांत उतरते.

मात्र लघवी अडली किंवा आवरेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूची जाणीव गेली, पायातली ताकद कमी होत चालली, तर बर्फाची पिशवी भरत बसू नये. त्याच तासाला रुग्णालय गाठावं. कंबरदुखीसोबत ताप असेल, दुखणं पडल्यानंतर सुरू झालं असेल किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तरीही डॉक्टरांना दाखवणं लांबवू नये.