कॉट सोडायची वेळ झालीय की झोप बिघडलीय?

दोन वर्षांचं पोरगं रात्री कॉटमध्ये उभं राहून भोकाड पसरतं आणि दोन-तीन रात्रींतच घरात ठरतं, "कंटाळलंय ते कॉटला, पलंगावर घेऊया की ओ." शेजारच्या घरातलं तेवढंच पोरगं रात्रभर गाढ झोपतं, पण एका सकाळी कठड्याबाहेर उभं सापडतं. तिथं कौतुक होतं, व्हिडिओ निघतो, आणि रात्री त्याला परत त्याच कॉटमध्ये ठेवतात. माझ्या मते दोन्ही घरांनी नेमकं उलटं केलं. पहिल्याची झोप बिघडलीय, त्याला कॉटमध्येच राहू द्यायला हवं. दुसऱ्याला मात्र त्याच रात्रीपासून कॉट बंद.

टांगता पाळणा आणि झोळी यात धरलेली नाही. मूल हातांवर रेटा देऊन उठू लागलं किंवा बसू लागलं, म्हणजे साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात, की त्यांचं काम संपतं. मी बोलतेय ती चारी बाजूंनी कठडे असलेल्या कॉटबद्दल.

ही कॉट अपुरी पडली का, हे टेपनं मोजता येतं. मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून उभं करा आणि डोक्यावर पेन्सिलची खूण करा. उंची ८९-९० सेंटीमीटरपर्यंत पोचली असेल तर कॉट सोडायची वेळ आली. त्याआधीही येऊ शकते: गादीच्या वरच्या पृष्ठभागापासून कठड्याची उंची मुलाच्या उंचीच्या पाऊण हिश्शापेक्षा कमी भरली की ती कॉट त्याला सुरक्षित राहिली नाही. मूल ८८ सेंटीमीटरचं असेल तर कठडा निदान ६६ सेंटीमीटर हवा. मोजमाप गादीच्या वरून घ्यायचं, हे विसरू नका. बेळगावजवळच्या खानापूरकडं पावसाळ्यात गारठा लागतो म्हणून आजी गादीवर वाकळ दुमडून घालते. तिची माया खरी, पण तेवढ्यानं कठडा चार बोटं बुटका होतो.

मूल चढतं कसं, हे एकदा नीट बघा. एक पाय लोडावर नाहीतर मोठ्या टेडीवर ठेवतं, दोन्ही हातांनी वरची पट्टी धरतं, छाती तिच्यावर टेकवतं आणि मग दुसरा पाय उचलतं. त्या क्षणी अर्धं अंग बाहेर लोंबत असतं. या वयात शरीराच्या मानानं डोकं मोठं आणि जड असतं, म्हणून तोल गेला की मूल डोक्यावर पडतं. मुलानं पाय नुसता टाकून बघितला तेव्हाच गादी सगळ्यात खालच्या खाचेत उतरवा, लोड-उशा-खेळणी काढा, कॉट खिडकीपासून आणि टेबलापासून लांब सरकवा. तरीही चढून बाहेर आलं, तर वय दीड असो की अडीच, कॉट संपली. नवा पलंग सुताराकडं सांगितला तर तो यायला वेळ लागेल, पण जमिनीवर गादी टाकायला काही लागत नाही. मला तर पहिले काही महिने तीच पसंत आहे, कारण तिच्यावरून पडलं तरी लागत नाही. आईबाबांच्या मोठ्या पलंगावर कडेला निजवायचं असेल तर पलंग आणि भिंत यांमधली फट आधी बघा. मूल त्यात अडकू शकतं.

आता बिघडलेली झोप. हिला टेप लागत नाही, थोडी पाळत लागते. मूल कालपर्यंत त्याच कॉटमध्ये सुखानं झोपत होतं आणि एकाएकी बिनसलं. आई खोलीबाहेर पडली की रडं सुरू होतं, ती आली की थांबतं. कठड्यावर पाय टाकत नाही, नुसते हात वर करतं. दीड वर्षाच्या आणि दोन वर्षांच्या आसपास असं होतं, कारण आई दिसली नाही तरी ती कुठंतरी आहे हे आता मुलाला पक्कं कळतं आणि तिच्याकडं जायचं असतं. दुसऱ्या दाढाही साधारण २३ ते ३३ महिन्यांच्या दरम्यान येतात. भर म्हणून अंगणवाडी सुरू होते, सर्दी होते, गावाहून आलेले आजोबा परत जातात. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकर घरांत मूल मागाच्या खटखटीतच झोपायला शिकतं. लाईट जाऊन माग थांबले की ते दचकून उठतं, आणि दोष कॉटला लागतो.

अशा मुलाला पलंगावर नेलं तर रडं थांबत नाही, फक्त ते चालत तुमच्यापर्यंत येतं. "खाली उतरायचं नाही" हे दोन वर्षांच्या मुलाला कळतं, पण मध्यरात्री स्वतःला आवरणं त्याला जमत नाही. ती ताकद तीस महिन्यांच्या पुढं, तिसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास येऊ लागते. म्हणून मूल चढत नसेल आणि उंचीत बसत असेल तर तीन वर्षांपर्यंत थांबणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. तोवर रोज तीच वेळ, तोच क्रम, तीच ओळखीची वाकळ अंगावर. रडलं तर जवळ जा, पाठीवरून हात फिरवा, पण उचलून दुसरीकडं झोपवू नका. बहुतेक वेळा काही आठवड्यांत घडी बसते. दुपारची झोप उशिरापर्यंत चालते का तेही बघा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३; दुपारी चारनंतर उठलेलं पोर रात्री आठला झोपेल कसं?

खरी पंचाईत होते ती दुसऱ्या बाळंतपणात. आई गडहिंग्लजला नाहीतर चंदगडला माहेरी जाते, थोरलं तिच्याबरोबर. तिथं झोपायची जागा नवी, त्यात आईच्या कुशीत दुसरंच कोणी. परतल्यावर धाकट्याला कॉट हवी म्हणून थोरल्याला उठवलं, तर आपली जागा हिरावली असं त्याला वाटणारच. कॉट बदलायचीच असेल तर बाळ यायच्या दोन महिने तरी आधी बदला. ते जमलं नसेल तर धाकट्याला सुरुवातीला दुसरी सोय करा आणि थोरल्याला काही महिने त्याच्या कॉटमध्ये राहू द्या. माहेरच्या मुक्कामातल्या झोपेवरून काहीच ठरवू नका. मूल रडतही असेल आणि चढतही असेल, तर गादी जमिनीवर घ्या, बाकीचा क्रम तसूभरही बदलू नका.

गादी खाली आली की सगळी खोली मुलाची झाली, असं समजून कामाला लागा. कपाट भिंतीला पक्कं करा. डासांच्या औषधाचं यंत्र हाताला लागणार नाही अशा प्लगात लावा. जिन्याला फाटक हवं. आपल्याकडं पाणी साठवून ठेवायची सवय आहे, तेव्हा न्हाणीघरातली भरलेली बादली आणि बॅरल यांच्यासाठी दाराला वरच्या बाजूला कडी लावाच. झोपेत मोठ्यानं घोरणं, मध्येच श्वास अडल्यासारखं होणं, कान ओढत रडणं, ताप, यांतलं काही दिसलं तर तो कॉट-पलंगाचा प्रश्न नाही, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.