वेट ग्राउंड आणि ड्राय ग्राउंड मायका: फरक बारीकपणाचा नाहीच

अभ्रकाच्या म्हणजे मायकाच्या पावडरीची दोन पोती शेजारी ठेवलेली, दोन्हींवर ३२५ मेश म्हणजे चाळणीचा तोच नंबर, दोन्ही मस्कोव्हाइट म्हणजे पांढरं अभ्रक, दोन्हींचा केमिकल रिपोर्ट जवळजवळ सारखा, आणि मग कोणीतरी ठासून सांगतं की अहो माल एकच आहे, वेट ग्राउंड, म्हणजे पाण्यात दळलेला, या नावाखाली उगाच जास्त पैसे लावतात. पेंटवाले हे म्हणतात, प्लास्टिकमध्ये भर मिसळणारे कंपाउंडिंगवाले म्हणतात, खरेदी विभागातले तर हमखास म्हणतात. माल एकच नाहीये. आणि जो फरक आहे तो मेशमध्ये दिसत नाही, केमिकल रिपोर्टमध्येही दिसत नाही, म्हणूनच हा घोळ इतकी वर्षं चाललाय.

ड्राय ग्राउंड, म्हणजे कोरडंच दळलेलं, तुम्हाला माहीतच असेल. अभ्रकाचा चुरा हॅमर मिलमध्ये किंवा तसल्याच आपटून फोडणाऱ्या मिलमध्ये घालायचा, चाळायचा किंवा हवेच्या झोतानं वेगळा करायचा, पोत्यात भरायचा, काम झालं. जिप्सम बोर्डाच्या सांध्यात भरायचं जॉइंट कंपाउंड, डांबरी रूफिंग एकमेकांना चिकटू नये म्हणून वरून मारायची पावडर, रबर साच्यातून सुटावं म्हणून लावायचा रिलीज, तेलविहिरीच्या ड्रिलिंगचा चिखल, ही सगळी याची नेहमीची कामं. अमेरिकेत तर ड्राय ग्राउंडचा सगळ्यात मोठा खप जॉइंट कंपाउंडमध्येच होतो.

आता किरकोळ गोष्टी आधी बाजूला करू. वेट ग्राउंड म्हणजे ओला माल नाही, दळताना पाणी असतं, पोत्यात येते ती कोरडीच पावडर. वेट ग्राउंड जास्त शुद्ध असतं का, तर बहुतेकदा हो, कारण दळल्यावर धुताना वाळूचे कण म्हणजे क्वार्ट्ज आणि जाड तुकडे आधी तळाशी बसतात आणि पापुद्रे वर तरंगत राहतात, पण हा फायदा आपोआप मिळालेला आहे, मुख्य मुद्दा तो नाही. आणि मायक्रोनाइज्ड मायका हा तिसराच प्रकार, तो जेट मिलमध्ये दाबाच्या हवेनं किंवा सुपरहीटेड वाफेनं कणावर कण आपटून बनवतात. वाफ वापरली म्हणून त्याला वेट ग्राउंड समजू नका, सुपरहीटेड वाफ कोरडीच असते. मायक्रोनाइज्ड हे वेट ग्राउंडपेक्षा कितीतरी बारीक असू शकतं आणि तरी वेट ग्राउंडचं काम करत नाही. इथेच खरी गोम आहे.

चाळणी काय मोजते? ३२५ मेशच्या चाळणीचं भोक साधारण ४५ मायक्रॉनचं, त्यातून काय पार झालं एवढंच ती सांगते. अभ्रकाचा कण म्हणजे गोळा नाही, पापुद्रा आहे, त्याला रुंदी वेगळी आणि जाडी वेगळी. चाळणीत अडतं ते रुंदीमुळे. जाडीबद्दल चाळणी एक अक्षर बोलत नाही. समजा दोन कण आहेत, दोन्ही ४० मायक्रॉन रुंद, एक ४ मायक्रॉन जाड आणि दुसरा ०.८ मायक्रॉन जाड. दोन्ही त्याच चाळणीतून खाली पडणार, दोन्ही ३२५ मेश. पण पहिल्याचं रुंदी-जाडीचं गुणोत्तर १० आणि दुसऱ्याचं ५०, ज्याला आपण ॲस्पेक्ट रेशो म्हणतो. आता तेवढ्याच एका किलोत दुसऱ्या प्रकारचे पापुद्रे पाचपट भरतात, म्हणजे सपाट पृष्ठभागसुद्धा पाचपट. तुम्ही पेंटमध्ये किंवा प्लास्टिकमध्ये अभ्रक घालता ते याच सपाट पृष्ठभागासाठी, वजनासाठी नाही. मग मेश बघून माल ठरवणं म्हणजे नेमकी हवी ती गोष्ट सोडून भलतीच मोजणं.

हा जाडीचा फरक येतो कुठून, तर दळण्याच्या पद्धतीतून. अभ्रकात पापुद्र्यांच्या मधे पोटॅशियमचे आयन असतात आणि तिथली पकड कमजोर, पापुद्र्याच्या आतली पकड मात्र घट्ट. पत्त्यांचा कॅट घ्या, वरून हातोडी मारली तर कोपरे फाटतील, कडा चुरतील पण पत्ते एकमेकांना चिकटूनच राहतील, आणि तोच कॅट तळहातानं दाबून बाजूला सरकवला की पत्ते अलगद सुटे होतात. हॅमर मिल पहिलं काम करते. वेट ग्राइंडिंग दुसरं करतं, टाकीत अभ्रक आणि पाण्याचा घट्ट लगदा आणि त्यावर फिरणारे जड रोलर, जुन्या मिल्समध्ये तर टाकीचा तळ लाकडी ठोकळ्यांचा आणि रोलरही लाकडाचे असायचे, वेग कमी, आणि हे तासन्‌तास चालतं. कण कणावर घासतो, थर थरावरून घसरतो, पापुद्रे सुटत जातात, रुंदी फारशी तुटत नाही आणि पृष्ठभागावर ओरखडेही कमी.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो कारण याबाबतीत माझं डोकं फिरतं. पाणी घातलं म्हणजे वेट ग्राउंड झालं असं नाही! लगदा घट्ट लागतो. पाणी जास्त झालं तर कण नुसते पोहत राहतात, घासणं होतच नाही. आणि आधी चुरा धुऊन घेतला, वाळवला आणि मग हॅमर मिलला घातला तर ते धुतलेलं ड्राय ग्राउंड आहे, स्वच्छ असेल, पांढरं असेल, पण जाडी तीच. असा माल वेट प्रोसेस्ड म्हणून खपवला जातो आणि घेणारा मेश बघून खूश होतो.

जाडीनं काय बिघडतं ते पेंटमध्ये लगेच कळतं. फिल्म वाळताना आकसते तसे पापुद्रे आडवे होतात आणि एकावर एक थर लागतात, मग पाणी किंवा ऑक्सिजनला खाली धातूपर्यंत जायला वळसे घेत जावं लागतं. पापुद्रे जितके पातळ तितके जास्त आणि तितका वळसा लांब. जाड ठोकळे घातले तर ते निव्वळ फिलर म्हणजे नुसती भर, वळसा नावालाच. शिवाय पातळ पापुद्रे तेल जास्त पितात, ऑइल ॲब्सॉर्प्शन वर जातं, त्यामुळे ड्राय ग्राउंडच्या जागी तितकंच वेट ग्राउंड टाकून फॉर्म्युला चालवला की पेंट घट्ट होतं आणि मग म्हणतात मायका खराब. मायका खराब नाही, तुम्ही बाइंडरचा, म्हणजे पेंट धरून ठेवणाऱ्या रेझिनचा, हिशोब बदलला नाहीत.

प्लास्टिकमध्ये, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन किंवा नायलॉनमध्ये, अभ्रक घालतात कडकपणासाठी आणि पार्ट वाकडा होऊ नये म्हणून. ग्लास फायबर मुख्यतः ज्या दिशेला पडतं त्याच दिशेला ताकद देतं, म्हणून दोन दिशांना आकसणं वेगवेगळं होतं आणि पार्ट पीळ खातो, पापुद्रा मात्र त्याच्या सपाट पातळीत सगळ्या दिशांना धरून ठेवतो. पण हे ॲस्पेक्ट रेशो चांगला असेल तरच. त्याच्या बदल्यात इम्पॅक्ट म्हणजे आघात सोसायची ताकद कमी होते आणि वेल्ड लाइन, म्हणजे साच्यात वितळलेल्या प्लास्टिकचे दोन प्रवाह भेटतात तो सांधा, कमजोर पडते, तेव्हा तिथे स्क्रूचं भोक येईल असं डिझाइन करू नका.

मोत्यासारखी चमक देणारी पिगमेंटं हा तर वेट ग्राउंडचाच प्रांत. पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा नॅनोमीटरमधला थर चढवतात, तो पातळ असला की रुपेरी, जाड होत गेला की सोनेरी, लाल, निळा, हिरवा असा रंग बदलत जातो. खालचा पृष्ठभाग गुळगुळीत नसेल आणि कडा फाटक्या असतील तर प्रकाश विखुरतो आणि चमकेऐवजी पांढुरकं मातकट काहीतरी मिळतं. इथे ड्राय ग्राउंड वापरून पैसे वाचवायचा विचारसुद्धा करू नये.

पण उलटही तितकंच खरं. ड्रिलिंगमध्ये खडकाच्या भेगा बुजवून चिखल वाहून जाणं थांबवायचंय, तिथे भरड पापुद्रे लागतात, वेट ग्राउंड घालणं शुद्ध उधळपट्टी. रूफिंगवर मारायच्या पावडरीलाही तेच. जॉइंट कंपाउंडमध्ये चांगलं ड्राय ग्राउंड पुरतं, माझं स्पष्ट मत आहे की तिथे वेट ग्राउंडचा आग्रह धरणारा माणूस कॅटलॉग वाचून बोलतोय.

मग ओळखायचं कसं? केमिकल रिपोर्ट विसरा, शुद्ध मस्कोव्हाइटमध्ये सिलिका ४५ टक्के आणि ॲल्युमिना ३८ टक्क्यांच्या आसपास असणार, कसंही दळा. लेझरवर कणांचा आकार मोजणारं मशीनही कण गोल धरून हिशोब करतं, त्यामुळे पापुद्र्याच्या बाबतीत त्याचा आकडा दिशाभूल करतो. सैल भरलेली बल्क डेन्सिटी, म्हणजे न दाबता भरलेल्या ठराविक मापाच्या पावडरीचं वजन, बघा, त्याच मेशला ती कमी असेल तर पापुद्रे पातळ आहेत. ऑइल ॲब्सॉर्प्शन बघा, जास्त हवं. काचेच्या ग्लासात पाण्यात चिमूटभर टाकून ढवळा, पातळ पापुद्रे असतील तर पाण्यात रेशमी लाटा फिरताना दिसतात आणि ते हळू बसतात, जाड माल नुसतं गढूळ करून खाली बसतो. खात्री हवीच असेल तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कडेनं उभे राहिलेले कण शोधून जाडी मोजा.

आणि एवढं करून चांगला वेट ग्राउंड घेतलात तर तो मशीनमध्ये मोडू नका. पेंटमध्ये बीड मिलमधून, म्हणजे बारीक मण्यांनी दळणाऱ्या मशीनमधून, काढू नका, बाकी सगळं दळून झाल्यावर शेवटी कमी वेगावर मिसळा. एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या मशीनमध्ये, मेन हॉपरमधून दाण्यांबरोबर टाकू नका, न वितळलेले दाणे पापुद्र्यांचा चुरा करतात, प्लास्टिक वितळल्यावर पुढच्या साइड फीडरमधून द्या.